पाय माखून ये!

"पाय एवढे स्वच्छ कसे गं? जा, आधी चिखलात खेळून ये!" अंगणवाडीच्या यमुनाताईंनी सोमीला दारातूनच पिटाळलं आणि स्वतःशीच हसल्या. 'अनवाणी फिरू नका, तळव्यांतून जंत शिरतील,' असं पोरांच्या कानीकपाळी ओरडण्यात त्यांची उमर गेली होती. पण आता पाड्याच्या मातीत शास्त्रज्ञांनी घडवलेले सूक्ष्मजीव नांदत होते. तेही तळव्यांतूनच अंगात शिरायचे आणि पोटातल्या जंतांचा फडशा पाडायचे.

सोमी गुडघ्यापर्यंत माखून परतली. ताईंनी तिची खालची पापणी ओढून आतून पाहिली. गेल्या वर्षी जंतांनी रक्त शोषल्यामुळे पापणी कागदासारखी पांढरी होती, तेव्हा पोरीला कडेवर आणावं लागायचं. आज पापणी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती!

"जिंकलीस गं बये!" ताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"आता तुमची बघते," म्हणत सोमीने त्यांची पापणी ओढली. "अगं बाई! ताई, तुमची तर पांढरीफटक!"

ताई ओशाळल्या. दूरच्या शेतात भात लावताना हातांवाटे जंत शिरले असणार; पाड्यात मात्र बाहेर पाऊल टाकताना त्यांनी चपला घातल्या नाहीत, असं कधीच घडलं नव्हतं. आज चपला दारातच राहिल्या, आणि पोरांच्या जल्लोषात ताई धपकन चिखलात उतरल्या.