दुखण्यांची वाटणी

बेव्हर्ली पार्कातल्या वृद्धाश्रमात दर सोमवारी डॉक्टर नीलम यायच्या. "सगळेच ठणठणीत असतील, तर डॉक्टरांना महिन्यातून एकदाच बोलवू," असं मॅनेजर म्हणाला आणि त्या दिवसापासून तिथेच राहणाऱ्या वैजयंताबाईंनी दुखण्यांची वाटणी आपल्या हातात घेतली. खरी गरज पडेल तेव्हा डॉक्टर समोर हव्यात, एवढाच त्यांचा हिशेब. दुखणी मात्र फिरती ठेवायची, नाहीतर संशय येतो. या सोमवारी त्यांनी सुभाषरावांना छाती दिली आणि नागोरावांना गुडघा.

सुभाषरावांनी छातीतली कळ अशी वठवली की डॉक्टरांनी त्यांना दोनदा तपासलं. नागोराव मात्र खुर्चीत बसल्या बसल्या घामाने डबडबले. वैजयंताबाई मनात चरफडल्या. साधा गुडघा जमत नाही या माणसाला!

"बोला ना काका, कुठे दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

नागोरावांनी केविलवाण्या नजरेने वैजयंताबाईंकडे पाहिलं.

"ताई, छाती आज सुभाषरावांकडे आहे, माहितीय मला. पण आमची जरा अदलाबदल करता का? आत्ताच?"