सातची जाहिरात

"तुमी माझं लेकरू नेलं. एकदा न्हाई, दोनदा नेलं. लिव."

भक्तीनं पेन उचललं. "कुणाला लिहायचं मावशी? त्या हिरोला?"

"त्याला कशाला? तो पैशे घिऊन बोलला. दिल्लीत ज्याचा शिक्का चालतोय, त्याला लिव."

कासाबाई ओसरीवर, बंद टीव्हीसमोर बसली होती. मांडीवर मेंढरांमागची काठी. भक्ती चंद्रभान गुरुजींची सून, बी.ए. झालेली. गल्लीतले सगळे अर्ज तिच्याच हातचे. तिनं 'दोनदा' लिहिलं. आधी पोरगा मोबाइलनं नेला, मग घरातून गेला. झालं की दोनदा.

भागवत गेला त्याला दीड वर्ष होत आलं. पोरगा गुणाचा. लहानपणी बाभळीवरून पडला, तेव्हापासून मान डावीकडं कलती. हसला की जास्तच कलायची. टीव्हीवर तो मोठा नट रोज छातीवर हात ठेवून सांगायचा, मी मोबाइलवर रमी खेळतो, तुम्हीही खेळा, घरबसल्या जिंका. त्यानं आयुष्यात तो खेळ खेळला नसेल. पेंड विकणारा कधी पेंड खातो का? धोक्याची सूचना खाली मुंगीएवढ्या अक्षरांत धावायची. ती मेंढपाळाच्या पोरानं वाचायची, आणि नटानं कोटी मोजून घ्यायचे. वर बसलेल्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. ते बघत होते.

त्या खेळापायी भागवतनं बापाला न सांगता बावीस मेंढरं विकली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बापानं, बिरूनं, कळप मोजला. त्या रात्री पोरगा जेवला नाही, सकाळी गोधडी घडी घातलेली सापडली. मोबाइल घेऊन गेला, आधार कार्डही. घरात त्याचा एक फोटो उरला नाही.

दिवाळीत कासाबाई गुरुजींकडं घोंगडं द्यायला आली होती. टीव्हीवर त्याच नटाची नवी जाहिरात लागली. या वेळी तो जत्रेत उतरला होता, मागं टाळ्या वाजवणारी गर्दी. बाई दारातच मटकन खाली बसली. भक्तीनं पाणी दिलं.

तेव्हापासून रोज सात वाजता ती यायची. टीव्हीपासून हातभर अंतरावर बसायची. जाहिरात लागली की पडद्यावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडायची. संपली की उठून जायची. बातम्या नकोत, मालिका नकोत.

"मोड, कासाबाई," गुरुजी म्हणायचे. "कडाकडा मोड. त्या हिरोला लागू दे."

एकदा तिनं विचारलं, "टीव्हीतनं लागतंय का हो, गुरुजी?"

"मनापासून मोडलं तर लागतंय."

"मग मनापासूनच मोडते की मी."

बिरू यंदा एकटाच मेंढरं घेऊन गंगाखेडकडं गेला, उसाच्या मोकळ्या रानात खतासाठी बसवायला. चार महिने. जाताना म्हणाला, "चल की, हितं कोण हाय तुझं?" कासाबाई गावातून हलली नाही. बाई खचली, असं गाव म्हणालं.

गुरुजींनी मग ती जाहिरात बंद करायचा ध्यासच घेतला. पोखर्णीपासून वालूरपर्यंत सह्या जमवल्या. पहिला अंगठा कासाबाईचा हवा होता. तिनं हात पदरात लपवला.

"अगं, तुझा हक्क सगळ्यांत मोठा."

"अंगठा दिलेलं परत आलंय का कधी, गुरुजी?"

तिच्यावाचूनच अर्ज गेला. आणि काय आश्चर्य, वरचे जागे झाले. सोमवारी बातमी आली, जाहिरात बंद. गुरुजींनी पेढे वाटले. कासाबाईनं पेढा घेतला नाही. त्या दिवशी सात वाजता ती आली, साबणाची जाहिरात बघत बसली, सिमेंटची बघितली, टीव्ही बंद झाल्यावर उठली. मंगळवारी तसंच. आज बुधवारी दुपारीच काठी टेकत आली आणि म्हणाली, लिव.

"भरपाई मागायची ना?" भक्तीनं विचारलं. "मेंढरांची किंमत टाकते."

"पैशे नकोत म्हणून लिव."

"मग त्या हिरोवर केस?"

"त्याचं काय करायचं ते करा म्हणावं. तुला घाई लय हाय बाई. मी सांगते तसं लिव."

भक्तीनं हसून पुन्हा पेन टेकवलं.

"लिव. मला मोजता येत न्हाई. माझा नवरा मोजतोय, मी तोंडं वळखते. शंभर मेंढरांत माझं कोकरू कंचं, ते मला लांबनं कळतंय."

भक्तीनं लिहिलं. याचा अर्जाशी काय संबंध, ते तिला कळेना.

"तुमाला दिसली नसत्याल, पण त्या जत्रंत मागं लय माणसं हुबी केलीत. रोजानं आणलेली असत्याल. फेटे बांधलेली."

भक्तीचं पेन हळू झालं.

कासाबाईनं काठी बाजूला ठेवली. समोरच्या काळ्या पडद्यावरून दोन्ही हात फिरवले आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली, आई लेकराची दृष्ट काढते तशी.

"हिरोच्या डाव्या खांद्यामागं हिरवा फेटा हाय. टाळी वाजवताना मान कलती हुती. रोज दोन टाळ्यांपुरता दिसायचा, तेवढ्यावर मी जेवायची. आता लिव, साहेब, जाहिरात परत लावता, का माझा भागवत कुठं हाय ते सांगता?"