घासलेलं पायताण

डोळ्यांवर पट्टी बांधून उस्ताद सागाखाली बसायचे. भोवती वाळकी पानं पसरलेली. कमांडो होऊ पाहणाऱ्या जवानानं त्या पानांवरून चालत जाऊन उस्तादांच्या खांद्याला हात लावायचा. पान वाजलं की त्यांचा खडा नेमका अंगावर बसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रणजितनं सगळ्यांपेक्षा जास्त खडे खाल्ले, कारण पाय घासत चालायची त्याची लहानपणापासूनची खोड. एका सकाळी मात्र त्याचा हात खांद्यावर पडला आणि उस्तादच दचकले.

"शाब्बास," ते म्हणाले. "आता तू आलास ते कुत्र्यालासुद्धा कळायचं नाही."

तो सुट्टीवर गावी आला तेव्हा आई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. तिची नजर कधीच गेली होती; माणसं ती पावलांवरून ओळखायची. लेक आज येणार हे तिला ठाऊक होतं. रणजित तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, तरी ती सोलतच होती, कान फाटकाकडं लावून.

हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. पायरीशी त्याचं जुनं पायताण तिनं पुसून ठेवलं होतं. ते उचलून तो तसाच गुपचूप फाटकापर्यंत मागं गेला, बूट काढले, पायताण घातलं आणि अंगणातून खरडत, घासत निघाला.

आईच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"किती येळा सांगितलं रं तुला," ती म्हणाली, "पाय घासत चालू नगंस म्हणून."