ओ देणारा डबा

१९९८ साली इंदापूरजवळच्या एका डेअरीत कॉम्प्युटर आले. ऑफिसातला आणि रस्त्यापलीकडच्या प्लँटमधला कॉम्प्युटर वेगवेगळ्या नेटवर्कवर होते, त्यामुळं एकाची हाक दुसऱ्याला ऐकूच जाईना. बारामतीहून आलेल्या करुणा इंजिनिअरनं मधे राउटर बसवला आणि दोघं बोलायला लागले. चेअरमन दत्तोबातात्यांना हे सांगायला ती त्यांच्या घरी गेली.

"ऑफिसनं प्लँटला हाक मारली, की हा राउटर 'मीच तो' म्हणून ओ देतो. मग आलेला निरोप पलीकडं पोचवतो."

तात्या खवळलेच. "म्हंजी दुसऱ्याच्या नावानं ह्यो ओ देनार? ही तर फसवणूक! काढा त्यो डबा. आमच्या डेअरीत असला खोटेपणा चालायचा न्हाय."

करुणा काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. पंचायत समितीच्या साहेबांना सरपंच विजयमालाबाईंशी, म्हणजे महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या तात्यांच्या पत्नीशी, बोलायचं होतं. गावच्या नव्या पाणीटाकीची जागा ठरवायची होती.

"बोला सायेब, मीच सरपंच," तात्या म्हणाले. "टाकी आमच्या मळ्याकडंच घ्या."

साहेबांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तात्यांनी फोन ठेवला.

"कुणाला फोन हुता वो?" चहा घेऊन आलेल्या विजयमालाबाईंनी विचारलं.



"तुला न्हाय. सरपंचांना हुता."