बुटाचा तळ

जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीला नवे बूट वाटताना साहेब दरवर्षी एकच खेळ करायचे. स्वतः नवा बूट चढवायचे, हातोड्याने त्याच्या नाकावर ठणकन हाणायचे आणि म्हणायचे, "बघा! बोटाला काही झालं? घाला आणि लागा कामाला!"

सगळे टाळ्या वाजवायचे. यंदा मुकादमीणबाईंचे हात काही हलले नाहीत. त्यांच्या जाऊबाईंचा पाय खिळ्यांच्या फळीवर पडला होता आणि त्या महिनाभर अंथरुणात होत्या. नाकावर हातोडा मारला तर त्यांच्याही बुटाला काही झालं नसतं.

बाईंनी नव्या बुटाची जीभ उलटून आतली पट्टी वाचली.

"साहेब, यावर नुसतं 'एस वन' लिहिलंय. पुढे 'पी' नाही. पी असला तरच तळात खिळा अडवणारा पत्रा असतो."

"अहो बाई, एका अक्षराचं काय घेऊन बसलात? शेवटी बूट तो बूटच."

बाई ढिगाऱ्याकडे गेल्या. खिळे वर आलेली एक फळी त्यांनी फरफटत आणली आणि साहेबांच्या पुढ्यात टाकली.

"मग खेळ पुरा करा, साहेब. हातोडा झाला, आता हिच्यावर उभे राहा."

साहेबांनी तोऱ्यात पाय उचलला.



तो खाली टेकायचं नाव घेईना, तेव्हा टोळीतल्या बावीसही जणांनी वाकून आपापल्या नव्या बुटांच्या नाड्या सोडल्या.