ओठांवरचं

कापड गिरणीतल्या बायकांवरचा माहितीपट सुरू झाला आणि छोट्याशा थिएटरातला आवाजच गेला. "पुढच्या शनिवारी पुन्हा दाखवू," ऑपरेटर ओशाळून म्हणाला.

"चालू दे रे बाबा," एक म्हातारी म्हणाली. "यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म गेला आमचा. आम्ही ओठांवरूनच ऐकायचो."

तिच्या शेजारची बाई एकदम पुढे सरकली. पडद्यावर तिची आई होती, गेल्या वर्षी वारलेली. तो आवाज एकदा कानी पडावा म्हणून तर ती आली होती. आई बोलत होती, हसत होती, सगळं मुकं.

"मावशी, काय म्हणते हो माझी आई?"

म्हातारी घुटमळली. "म्हणते, कान पार गेलेत माझे, पण पोरीला सांगू नका. ती गायला लागली की मी तिच्या ओठांकडे बघत बसते. एक शब्द सुटत नाही."