हातात किती पडतात

मनकर्णा मावशींनी बाळाला झोळीतून उचललं, निवेदिताच्या मांडीवर दिलं आणि मगच विषय काढला. बाळ कडेवर असताना असलं काही बोलायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलेलं असावं.

पुढच्या गल्लीतल्या बंगल्यात जुळी झाली होती. तिथली माणसं महिन्याला आठ हजार द्यायला तयार होती, वर दुपारचं जेवण. निवेदिता सहा देत होती. तिकडं जायची काही हौस नाही, मावशी म्हणाल्या, या पोराचा लळा लागलाय. मॅडमनी आठ करावेत, आपण इथंच राहू. नाहीतर सोमवारपासून तिकडं यायला सांगितलंय.

शनिवारची सकाळची शाळा संपवून निवेदिता नुकतीच आली होती. खडूचे हात तेवढे धुतले होते, साडी तीच होती. तिनं पदर ओढून बाळाला जवळ घेतलं. तो पिऊ लागला.

जमणार नाही, असं ती म्हणाली. मावशी गेल्या तर बाळाला बघायला दुसरं कुणी नव्हतं, आणि बाळाला बघायला कुणी नाही म्हणजे शाळेतली नोकरी सुटली. हे मावशींनाही माहीत होतं. त्या जरा हसल्या.

"तुमाला किती हाय पगार?"

मेथीची जुडी कशी दिली, असं विचारावं तितक्या सहज त्यांनी विचारलं.

निवेदिताला हे कुणी विचारत नसे. सगळ्यांना उत्तर ठाऊकच होतं. पारनेरला तिचे वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आमची निवेदिता बत्तीस हजारांवर आहे. सासूबाई तोच आकडा नणंदेच्या सासरी सांगून आल्या होत्या. तिनं तो कधी खोडून काढला नव्हता. शाळेत तर बायका एकमेकींना साडीची किंमत विचारत, नवऱ्याचं दुखणंखुपणं विचारत. पगाराचं नाव काढत नसत.

"बारा," ती म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला वाटलं, काहीतरी होईल. निदान रडू येईल. काही झालं नाही. बाळ पीत होतं.

"पटंल असं बोला, मॅडम. द्यायचं नसंल तर तसं सांगा. वंगाळ न्हाई वाटायचं मला."

निवेदितानं एका हातानं मोबाइल उघडून मावशींच्या पुढं धरला. मावशींनी आकड्यावर बोट ठेवून सावकाश वाचलं. बत्तीस हजार जमा. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"त्याच्या खालचा बघा."

खालचा मेसेज दुसऱ्या दिवशीचा होता. वीस हजार काढले.

मग निवेदितानं सांगितलं. नवऱ्याला, सुश्रुतला सोडून कुणाला सांगितलेलं नव्हतं ते सगळं, पाढे म्हणावेत तसं एका सुरात. पगार खात्यावर पूर्ण येतो. दुसऱ्या दिवशी वीस काढायचे, लिफाफ्यात घालायचे, संस्थेच्या ऑफिसात नेऊन द्यायचे. पावती नसते. रांगेत सगळ्याच शिक्षिका असतात, पण कुणी कुणाच्या लिफाफ्याकडे बघत नाही. राहिले बारा, त्यातले सहा मावशींचे. सुश्रुतचा पगार घराच्या हप्त्यात आणि त्याच्या वडिलांच्या औषधात जातो.

मावशी झोळीच्या दोरीला हात लावून उभ्या राहिल्या.

"आमच्या गावाला रोजगार हमीवर असंच हुतं," त्या म्हणाल्या. "पैसं खात्यावर पडायचं आन मुकादम बँकेच्या दारात हुबा."

निवेदितानं मान हलवली. मावशींना पटलं होतं. आता त्या थांबतील, असं क्षणभर तिला वाटून गेलं.

"मगाधरनं वाटत हुतं, जरा ताणून धरलं तर द्याल तुमी," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "आता कशाला ताणायचं? तुमच्याकडं न्हाईच तर."

त्यांच्याही खोलीचं भाडं वाढलं होतं. त्यांनी बाळाची धुतलेली दुपटी घडी करून ठेवली, दुधाची वाटी विसळून पालथी घातली. आपली पिशवी घेतली. बाळाकडे बघायचं मात्र टाळलं. दारात चपला घालताना म्हणाल्या, मी कुनाला न्हाई सांगनार.

निवेदिता बाळाला खांद्यावर घेऊन गॅलरीत आली. खाली तळमजल्यावरच्या विजयमाला काकू पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. मावशींच्या हातातली पिशवी बघून त्यांनी विचारलंच, काम सोडलं की काय, आणि किती देत होती ती?

मावशी थांबल्या. मग वरच्या मजल्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "नऊ देत हुत्या. लई मोकळ्या हाताच्या हायेत मॅडम. मलाच जिना झेपंना आता."

काकूंनी मान वर केली. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अगं निवेदिता, नऊ देतेस होय? मग काळजीच सोड. आमच्या बहिणीकडची बाई मोकळीच आहे, नऊला एका पायावर येईल. सोमवारी पाठवू ना?"

मावशी फाटकाशी पोचल्या होत्या. कडीवर हात ठेवून त्या तशाच वळून वर बघत राहिल्या.

बाळाला ढेकर आली. कोमट दूध निवेदिताच्या खांद्यावरून पाठीकडे ओघळलं. तिनं ते पुसलं नाही.

"पाठवा," ती म्हणाली.